जांभळं देवधान

फार फार पूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हा तळ्यांना नावं होती, ओढ्यांना नावं होती, पण पंचांच्या कारभाराला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

पोरांनो, नीट ऐका. आणि पोरांच्या आजोबांनो, तुम्ही तर जरा जास्तच नीट ऐका.

त्या काळी एका मोठ्या तळ्याखाली एक गाव होतं. गाव भात पिकवायचं, भात खायचं, पाहुण्याला भातच वाढायचं. चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेल्या भाताच्या तुकड्याला तिथे बांधी म्हणत. तळ्याचं पाणी पाटाने बांध्यांत उतरायचं आणि गाव त्यात मुठीने बी फेकून पेरायचं.

तळ्याच्या काठाने, पाण्यात पाय बुडवून, आणखी एक भात उगवायचा. तो कुणी पेरलेला नव्हता. त्याला देवधान म्हणत. कोवळं असताना ते अगदी शेतातल्या भातासारखं दिसायचं. तेच पातं, तीच उंची. पिकायला लागलं की मात्र त्याचा स्वभाव कळायचा. दाण्याला बोटभर काळं कुसळ यायचं, आणि दाणा पिकला रे पिकला, की कुणी हात लावायच्या आत गळून चिखलात पडायचा. रानाचं असंच असतं. त्याला कोठार भरायचं नसतं, फक्त पुन्हा उगवायचं असतं.

कार्तिकात एक दिवस गावातल्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नसत. त्या दिवशी त्या टोपल्या घेऊन तळ्यात उतरायच्या, लोंब्या टोपलीवर वाकवून झटकायच्या, आणि मिळेल तेवढं देवधान शिजवून खायच्या. बैलालाही एक दिवस विसावा. चांगली चाल होती. पण चांगल्या चालीलाही पंच शेपूट लावतात. पंचांनी नियम केला होता, की कार्तिकातल्या त्या दिवसापर्यंत देवधानाच्या एकाही काडीला विळा लागता कामा नये.

पंच पाच होते. त्यातले सर्वांत धाकटे सत्तरीचे होते.

या गावात कौतिका नावाची मुलगी आपल्या मायसोबत राहायची. माय निंदणाऱ्या बायकांची म्होरकी होती. पावसाळाभर चाळीस बायका वाकून बांध्यांतलं तण काढायच्या, आणि सगळ्यांच्या पुढे माय असायची. तिच्या खुरप्याची मूठ झिजून तिच्याच बोटांच्या आकाराची झाली होती.

पूर्वी निंदणं म्हणजे नुसता वैताग होता. तळ्याच्या पाण्यासोबत देवधानाचा दाणा शेतात यायचा, भातात भात होऊन वाढायचा, आणि कोवळेपणी ओळखूच यायचा नाही. मग माय नवी नवरी होऊन गावात आली. एका वर्षी तिला बांधीत जांभळ्या पानांचं एक रोप दिसलं. दाणा भरलेला, कुसळ नाही, गळत नाही. तिने ती लोंबी पदरात बांधून आणली, घरामागे लावली, तीन वर्षं वाढवली आणि टोपलीभर बी घेऊन चावडीवर गेली.

"आबाजी," ती थोरल्या पंचांना म्हणाली, "सगळ्या गावाने हेच पेरलं, तर जे हिरवं दिसेल ते रान. बघायचं आणि उपटायचं."

पंचांनी मिशा कुरवाळल्या. पुढच्या वर्षी सगळं गाव जांभळं झालं. हिरवं दिसलं की उपट, एवढं सोपं काम उरलं. कोठारं भरली. त्या भाताला नाव पडलं 'पंचांचं धान'. मायचं नाव कुणी घेतलं नाही, आणि मायने कुणाला आठवण करून दिली नाही.

कौतिकाला पहिला राग आला तो याचा. पंचांचा तर आलाच, मायचाही आला.

"तू बोलत काहून नाहीस?" ती विचारायची.

"मोठ्यांना उलटून बोलू नये, पोरी."

"उलटून कशाला? मी सरळच बोलेन."

कौतिका एकोणीस वर्षांची झाली त्या वर्षी तिने ते पहिल्यांदा पाहिलं. तळ्याला लागून थोरल्या पंचांची बांधी होती. तिला मानाची बांधी म्हणत, कारण सगळ्या गावाचं बी त्या बांधीतून निघायचं. तिच्या बांधापलीकडे लगेच देवधान सुरू व्हायचं. त्या देवधानात एक रोप उभं होतं. दाण्याला बोटभर काळं कुसळ. पान मात्र जांभळं.

कौतिकाने लोंबीला नुसतं बोट लावलं. दाणे टपटप पाण्यात पडले.

आपला रंग रानात गेला होता. तो परत शेतात आला, तर निंदणाऱ्या बाईने कशावरून ओळखायचं?

पण कौतिका ओरडत सुटली नाही. आधी तिने खात्री केली. पुढच्या फुलोऱ्यात ती रोज त्या बांधावर जाऊन बसली. तिला दिसलं, की सकाळचं ऊन तापलं की भाताचं फूल उघडतं आणि तासाभरात मिटतं. देवधानाचंही फूल त्याच तासाला उघडतं. तिने मायची काळी घोंगडी ओली करून बांधावर काठीला ताणून बांधली. ऊन माथ्यावर आलं तेव्हा घोंगडीच्या दोन्ही अंगांवर पिवळसर धूळ बसली होती. इकडची तिकडे जात होती, तिकडची इकडे येत होती. वाऱ्याला बांध दिसत नव्हता.

घोंगडी खांद्यावर टाकून ती चावडीवर गेली.

"आबाजी, आपल्या भाताचा आणि देवधानाचा संग होतोय. ही फुलांची धूळ बघा. आपला रंग त्याच्यात गेला, त्याचं गळणं आपल्यात येतंय. दोनच गोष्टी करा. मानाच्या बांधीपासून शंभर पावलांपर्यंतचं देवधान फुलोऱ्याआधी कापा. पलीकडच्या काठाचं राहू द्या, तेवढं देवाला पुष्कळ आहे. आणि बी मानाच्या बांधीतून काढू नका. तळ्यापासून सर्वांत लांबच्या बांधीतून काढा."

पाचही पंचांनी घोंगडीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग ते हसले.

"घोंगडी झटकत जा गं पोरी, धूळ बसते तिच्यावर," धाकटे पंच म्हणाले.

"माझ्या बांधीतून बी काढू नका म्हणते!" थोरले पंच म्हणाले. "माझ्या पणज्यापासूनचा मान आहे तो. आणि काय गं, किती पावसाळे पाहिलेस तू?"

"वीस. पण हे एक रोप पाहायला एकच पुरला. तुम्ही चला तर खरं बांधावर."

पंच बांधावर गेले. जांभळं देवधान त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि मग त्यांनी जे केलं, ते फक्त पंचच करू शकतात. थोरल्या पंचांनी पागोटं सारखं केलं आणि हात जोडले.

"देवाने आपल्या धानाचा रंग नेसला!" ते म्हणाले. "गावावर कृपा झाली!"

दुसऱ्या दिवशी त्या रोपाभोवती दगडांचा ओटा बांधला. हळदकुंकू वाहिलं. गावात दवंडी दिली, की जांभळ्या देवधानाला कुणी हात लावायचा नाही. ओट्यावरच्या रोपाचे दाणे गळाले, रुजले, आणि पुढच्या वर्षी ओट्याभोवती ओंजळभर जांभळी रोपं झाली. पंच खूश झाले. म्हणाले, देवाचा परिवार वाढला.

परिवार वाढतच गेला. पाण्यासोबत बांध्यांत उतरला. मानाच्या बांधीतल्या बियाण्यात मिसळून घरोघर वाटला गेला. तिसऱ्या वर्षी निंदणाऱ्या बायका बांधीत उतरल्या, तेव्हा उपटण्यासारखं हिरवं एक पातंही दिसेना. सगळीकडे एकसारखं जांभळं. गाव म्हणालं, वा, यंदा तणच नाही!

कापणीला विळा लावला आणि अर्धा दाणा चिखलात गळाला.

आता चूक कुणाची, हे ठरवायला चावडी भरली. तुम्हाला काय वाटतं, पंच म्हणाले असतील आमची? थोरल्या पंचांनी निंदणाऱ्या बायकांना पुढे बोलावलं आणि मायकडे बोट केलं.

"तण काढायचं काम हिचं. दाणा गळाला, म्हणजे शेतात तण राहिलं. तण राहिलं, म्हणजे हिने कामात खोट केली. हिचं खुरपं काढून घ्या."

मायने खुरपं खाली ठेवलं. पंचांच्या माणसाने ते उचलून चावडीसमोरच्या लिंबाला टांगलं, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल असं. त्या दिवसापासून मायला कुणी निंदायला बोलावलं नाही. पाणवठ्यावर बायका तिच्यासाठी जागा करायच्या, पण तिच्याकडे बघायच्या नाहीत. माय घरी येऊन भिंतीला टेकून बसायची आणि उजव्या हाताची बोटं मिटलेलीच ठेवायची, जणू मूठ अजून हातातच आहे.

कौतिकाला ते बघवेना. ज्या बाईने गावाला ओळखीची खूण दिली, तिलाच गावाने खोटं ठरवलं होतं. आता तिला एकच हवं होतं. ते खुरपं ज्यांनी टांगलं त्यांच्याच हातांनी उतरवून मायच्या हातात यायला हवं होतं.

पावसाळा आला. पंचांनी पुन्हा मानाच्या बांधीचंच बी वाटलं आणि गावाने ते पेरलं. रोपं वीतभर झाली, तेव्हा कौतिका एका टोपलीत ओल्या मातीसकट वीस रोपं घेऊन चावडीवर गेली. निंदणाऱ्या चाळीस बायका तिच्या मागे होत्या. सगळी रोपं जांभळी होती.

"आबाजी, माझ्या मायने तण ओळखलं नाही म्हणता ना? यात दहा भाताची आहेत, दहा देवधानाची. तुम्ही ओळखा."

"पंचांची परीक्षा घेतेस?"

"माझ्या मायची घेतलीत की. तीही तिला न सांगता."

मागून एक बाई खुदकन हसली. थोरले पंच लालबुंद झाले. पण सगळं गाव जमलं होतं, आता उठून जाणं बरं दिसलं नसतं. पाचही पंच टोपलीभोवती उकिडवे बसले. पान चोळून पाहिलं. वास घेतला. एकाने चावून पाहिलं.

"हे देवधान. याचं पातं जरा रुंद आहे."

"अहो, ते नाही, हे. हे बघा कसं माजलंय."

"तुम्हाला दिसतं तरी का?"

"तुमच्यापेक्षा बरं दिसतं!"

बराच वेळ भांडून त्यांनी दहा रोपं बाजूला काढली आणि म्हणाले, ही तणं. कौतिकाने पाण्याची घागर ओढली. एकेक रोप तिने मुळाशी धुतलं. आणि पोरांनो, मूळ खोटं बोलत नाही. रोप वीतभर झालं तरी ज्या दाण्यातून ते उगवलं, त्याचं टरफल मुळाला चिकटून असतं. देवधानाच्या टरफलाला काळं कुसळ असतं. भाताचं टरफल बोडकं असतं.

कौतिकाने दहा रोपं गावासमोर ओळीने मांडली. सात बोडकी निघाली.

"सात," ती म्हणाली. "पंचांनी गावाच्या तोंडची सात रोपं उपटली आणि तीन तणं काढली. आता पाचांचीही खुरपी आणा. लिंबाला फांद्या पुष्कळ आहेत."

सगळं गाव हसलं. त्या हसण्यानेच घात केला. कारण चूक कळली की माणूस एकदा लाजतो, पण गाव हसलं की तो हट्टाला पेटतो.

थोरले पंच उठून उभे राहिले. "मुळं उकरून पाहायला आम्ही काय उंदीर आहोत? नियम तो नियम. मान तो मान. काय बघायचं ते कार्तिकानंतर बघू."

"कार्तिकापर्यंत फुलोरा होऊन जाईल!" कौतिका ओरडली. "धूळ उडून जाईल, दाणा गळून जाईल! मग काय बघाल, चिखल?"

"आवाज खाली कर. मोठ्यांपुढे उभी आहेस."

"मोठे? आबाजी, तुम्ही मोठे नाही. तुम्ही नुसते आधी जन्मलात!"

त्या दिवशी पंचांनी तिलाही बांध्यांवर यायची बंदी घातली. पण मायची स्वतःची एक बांधी होती. तळ्यापासून सर्वांत लांब, गावाच्या अगदी शेवटी, पाणी सर्वांत उशिरा पोचायचं तिथे. त्या बांधीला कुणी विचारत नव्हतं, म्हणून तिच्यावर बंदी घालायचं कुणाला सुचलंही नाही. कौतिका त्या बांधीत उतरली. रोपाच्या बुडाशी बोट घालून मूळ चाचपायचं, कुसळ लागलं की उपटायचं. एका हातभर जागेला अर्धी सकाळ लागायची. तिसऱ्या दिवशी माय भिंतीपासून उठली, पदर खोचला आणि पोरीशेजारी येऊन वाकली. तिच्याकडे खुरपं नव्हतं. तिने बोटांनीच काम केलं. आपलं काम उरकून आलेल्या बायकाही रोज संध्याकाळी तासभर तिथे वाकायच्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

फुलोरा आला. ऊन तापलं, फुलं उघडली, धूळ उडाली. तळ्याकाठी विळा लागला नाही.

मग कापणी आली. कापणीच्या आदल्या दिवशी वारा सुटला. मोठा नाही, नेहमीचाच, धोतर उडवण्याइतका. पण तेवढाही पुरला. तळ्याकडून एकेक बांधी सळसळली आणि दाणा पावसासारखा खाली उतरला. सकाळी माणसं विळे घेऊन गेली, तेव्हा बांध्यांत ताठ उभा पेंढा होता आणि चिखल सोन्यासारखा पिवळा झाला होता. मानाच्या बांधीत तर एक लोंबी भरलेली उरली नव्हती. थोरले पंच गुडघ्यांवर बसून चिखलातून दाणे वेचत होते. प्रत्येक दाण्याला बोटभर काळं कुसळ होतं, आणि ते त्यांच्या बोटांत घुसत होतं.

फक्त गावाच्या टोकाच्या बांधीतला भात दाण्यासकट डुलत होता.

त्या हिवाळ्यात गाव कशावर जगलं म्हणता? बायकांनी तळ्याच्या पलीकडच्या काठावरचं देवधान टोपल्यांत झटकून आणलं त्यावर. ज्याला शेतात शिव्या दिल्या आणि ओट्यावर हळदकुंकू लावलं, त्यानेच जगवलं. त्याचा काही दोष नव्हता. वाऱ्याचाही नव्हता. धान आणि देवधान एकाच आईच्या लेकी. त्या भेटणारच. कुठे भेटू द्यायचं आणि कुठे मध्ये अंतर ठेवायचं, एवढंच माणसाने बघायचं असतं. तेवढंही बघितलं नाही.

पेरणी जवळ आली तेव्हा पाचही पंच मायच्या दारात आले. घरोघरी कुसळाचंच बी होतं. शुद्ध बी फक्त तिच्या कणगीत होतं.

"बाई," थोरले पंच खाली बघत म्हणाले, "गावासाठी बी हवंय."

कौतिका उत्तर द्यायला पुढे झाली. तिच्याजवळ चार वर्षांचं उत्तर साठलं होतं. पण मायने तिच्या दंडावर हात ठेवला. कौतिकाला वाटलं, झालं, आता ही म्हणेल, घ्या आबाजी.

"आधी खुरपं," माय म्हणाली.

"पाठवतो ना माणूस."

"माणूस नाही. तुम्ही चढा."

मग गावाने पाहिलं, की थोरले पंच धोतर खोचून लिंबावर चढताहेत, खाली चार पंच त्यांचे पाय धरून उभे आहेत, आणि वरून गंजलेलं खुरपं खाली येतंय. त्यांनी ते दोन्ही हातांनी मायपुढे धरलं. मायने घेतलं. मूठ अजून तिच्याच बोटांची होती.

ती तशीच तळ्यावर चालत गेली. तिने ओट्यावरचं हळदकुंकवाचं जांभळं रोप मुळासकट काढलं आणि थोरल्या पंचांच्या हातात ठेवलं.

"हा रंग मीच गावात आणला होता," ती म्हणाली. "तो इथे कसा आला, हे माझ्या पोरीने तुम्हाला चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आता घरी जा आणि याचं मूळ धुवा."

बी तिने सगळ्यांना वाटलं. त्या वर्षापासून मानाच्या बांधीपलीकडचं शंभर पावलांपर्यंतचं देवधान फुलोऱ्याआधी कापलं जातं, पलीकडच्या काठाचं तसंच राहतं, आणि गावाचं बी गावाच्या टोकाच्या बांधीतून निघतं. गळका भात मात्र पुरता गेलेला नाही. चिखलात पडलेला दाणा वर्षानुवर्षं दम धरतो. आजही त्या गावातल्या बायका वाकून एकेक मूळ चाचपतात, आणि प्रत्येक काळ्या कुसळामागे पंचांना एक शिवी देतात.

आणि कौतिकाचा राग? तो गेला नाही. का जावा? दोन वर्षांचं पीक आणि भिंतीला टेकून गेलेले मायचे दिवस कुठल्या कणगीतून परत येणार होते?

बोध एवढाच: सांगणाऱ्याचं वय मोजत बसणाऱ्यांच्या शेतात चूक बी धरते, आणि रुजलेलं बी कुणाच्याही वयाचा मान ठेवत नाही.